निधी तुमच्या हातात आला कुठून?

माळेगाव बुद्रुकच्या नगरपंचायतीची निवडणूक लागली आणि प्रचारसभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी गावापुढे रोखठोक हिशेब मांडला. आमचे १८ च्या १८ उमेदवार निवडून द्या, निधी कमी पडू देणार नाही. तुम्ही काट मारलीत तर मीही काट मारणार. मत तुमच्या हातात आहे, निधी माझ्या हातात आहे. भाषणाचा आशय हा असा. १७ नगरसेवक आणि १ नगराध्यक्ष, असे हे १८.

भाषणाची चित्रफीत दोन दिवसांत राज्यभर फिरली. विरोधकांनी उत्तर दिले की हा पैसा जनतेच्या कराचा आहे, कुणाच्या घरचा नाही. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे आहे. आमच्या वस्तीपुरते बोलायचे तर ते अर्ध्याहूनही कमी आहे. करातून गोळा झालेला पैसा कुठे खर्च करायचा हे सरकार ठरवते, असे म्हणून विषय तिथेच संपवता येतो. पण दलित वस्तीसाठी, रमाई घरकुलासाठी, अनुसूचित जाती उपयोजनेत जो पैसा येतो, तो कुठे खर्च करायचा हे आधीच ठरलेले असते. तो आमच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, आमच्या नावाने बाजूला काढलेला असतो. त्यावर काट मारणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून वर त्यालाच हात जोडायला लावणे.

आणि भाषण करणारा माणूस तेव्हा कोण होता, तेही पाहा. राज्याचा अर्थमंत्री. पुणे जिल्ह्याचा पालकमंत्री, म्हणजे जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष. २०२५ मध्ये झालेल्या निवडणुकीनंतर माळेगाव सहकारी साखर कारखान्याचाही अध्यक्ष. उसाचे बिल, जिल्ह्याचा निधी आणि राज्याची तिजोरी या तिन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात असल्यावर 'निधी माझ्या हातात आहे' हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून खोटे नव्हते. आमचा आक्षेप नेमका इथेच आहे. ही वस्तुस्थिती असल्याची त्यांना लाज वाटली नाही आणि समोर बसलेल्यांना नवल वाटले नाही.

काट मारली की ती कुणाच्या अंगावर पडते, हे आधी सांगून टाकतो. बागायतदाराच्या अंगावर नाही. त्याच्या उसाला नीरा डाव्या कालव्याचे पाणी येतच राहते आणि त्याच्या बंगल्याला नगरपंचायतीच्या दिव्याची गरज नसते. काट पडते ती पत्र्याच्या दोन खोल्यांवर, उघड्या गटारावर, सार्वजनिक शौचालयाच्या मोडक्या दारावर. ज्याला निधीची गरज सर्वांत जास्त, त्याचेच मत या धमकीला सर्वांत आधी घाबरते. धमकी 'गावाला' दिलेली असते. तिचा पत्ता मात्र गावकुसाबाहेरचा असतो.

आता हा निधी येतो कुठून ते पाहू. आपल्या पोरांना हे पाठ असले पाहिजे, कारण समोरचा नेहमी 'साहेबांनी आणला' एवढेच सांगतो.

शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख मिळतात. योजना २५ जून २०१५ ला सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याची रमाई आवास योजना वेगळी आहे. तिचा पैसा सामाजिक न्याय विभागाचा. नागरी दलित वस्ती सुधारणेचा पैसा जिल्हा नियोजन समितीकडून, अनुसूचित जाती उपयोजनेतून येतो. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान होते. त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता आणि ४० टक्के मोकळा. या आयोगाची मुदत मार्च २०२६ ला संपली.

यातले साहेबांच्या खिशातले कुठले? वित्त आयोग संविधानाच्या २८० व्या कलमाने नेमला जातो. नगरपंचायत १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने उभी राहिली आहे. त्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा, शहरी दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे विषय नगरपालिकांच्या कामात लिहून ठेवले आहेत. माळेगावच्या गल्लीत गटार होणे ही संविधानातून निघालेली गोष्ट आहे. ती प्रचारसभेतल्या कुणाच्या मूडवर का अवलंबून असावी?

अवलंबून आहे, कारण काट मारायची तर योजना बंद करावी लागत नाही. प्रशासकीय मान्यतेची फाईल टेबलावर ठेवायची. मागणी केलेल्या कामांच्या यादीत वस्तीचे काम १४ व्या क्रमांकावर ढकलायचे आणि पैसा १३ व्या कामाला संपवायचा. डिसेंबरला येणारी रक्कम मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोडायची, म्हणजे ती ३१ मार्चला 'अखर्चित' म्हणून परत जाते आणि पुढच्या वर्षी वस्तीलाच सांगता येते की तुमच्याकडून मागणी नव्हती. यात कुठेही कायदा मोडत नाही. कुणावर गुन्हा दाखल होत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाचेच घ्या. अनुदानाला लोकनियुक्त सभागृहाची अट होती, आणि राज्यातल्या स्थानिक निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. माळेगावात ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, पण मधला काळ प्रशासकाच्या कारभारात गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले तेव्हा निवडणुकांची चक्रे हलली, आणि त्यालाही पुढे जानेवारी २०२६ अखेरची मुदतवाढ घ्यावी लागली. निवडणुकाच न घेणे ही सर्वांत मोठी काट होती. ती कुणी मारली, हे कुठल्या सभेत विचारले गेले का?

या विषयावर बाबासाहेबांचे नाव घेताना आपले बरेच लोक थेट संविधानसभेवर जातात. आम्ही मागे जातो. १९२५ साली लंडनमध्ये त्यांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरकारच्या वरच्या पायरीने खालच्या पायरीला पैसा कसा द्यावा, याचाच तो अभ्यास. १८३३ ते १८७१ या काळात सगळी तिजोरी वरच्या सरकारकडे होती आणि प्रांत मागणाऱ्याच्या भूमिकेत होते. जो जास्त ओरडेल, जास्त जोर लावेल त्याला जास्त मिळायचे. मग ठरावीक रक्कम नेमून देण्याची पद्धत आली, मग ठरावीक महसूल, मग महसुलात वाटा. हा सगळा प्रवास बाबासाहेब आकड्यांनिशी तपासतात. विशी-पंचविशीतला एक महार तरुण कोलंबिया विद्यापीठात बसून देणाऱ्याच्या मर्जीवरचा निधी आणि नियमाने मिळणारा निधी यातला फरक शोधत होता. त्यानंतर शंभर वर्षांनी बारामती तालुक्यात निधी पुन्हा मर्जीवर आला आहे. ज्यांना बाबासाहेबांवर भाषण करायचे आहे त्यांनी १४ एप्रिलला हा ग्रंथ उघडावा.

दुसरा कागद १९४७ चा. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेले 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. त्यात अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी आहे आणि त्यासाठी सेटलमेंट कमिशन मागितले आहे. पडीक सरकारी जमीन त्या कमिशनच्या ताब्यात द्यावी आणि केंद्र सरकारने या कामासाठी दरवर्षी ५ कोटी रुपये बाजूला काढावेत, हे त्यांनी संविधानातच लिहून मागितले होते. १९४७ चे ५ कोटी! सरकारच्या सदिच्छेवर सोडले तर पैसा येणार नाही, आलाच तर बदल्यात मान झुकवायला सांगतील, हे त्यांना ठाऊक होते. ती मागणी मान्य झाली नाही. तिचे फिके, उशिरा आलेले रूप म्हणजे १९७९-८० पासूनची विशेष घटक योजना, जिला आज आपण अनुसूचित जाती उपयोजना म्हणतो.

बाबासाहेबांनी गावाला काय म्हटले होते ते सर्वांना ठाऊक आहे. गाव सोडा, शहर गाठा. इथे मात्र वेगळेच घडले. आम्ही गाव सोडले नाही, गावानेच रात्रीतून नाव बदलून शहर झाल्याचे जाहीर केले. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाल्याने वस्तीचे काय झाले, यावर आमच्या चळवळीत फारशी चर्चा झालेली नाही. ती व्हायला हवी, कारण बारामती-इंदापूर पट्ट्यात आणखी मोठी गावे याच वाटेवर आहेत.

घरकुलाची रक्कम वाढली, हे खरे. ग्रामीण योजनेत सपाट भागात मूळ १ लाख २० हजार आणि शौचालयाचे १२ हजार मिळत. शहरी योजनेत अडीच लाख. पण ग्रामीण योजनेत उद्दिष्टाच्या किमान ६० टक्के घरे अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेली असतात. शहरी योजनेत आम्हाला प्राधान्य आहे, असा राखीव वाटा नाही. ग्रामीण लाभार्थ्याला जागा नसेल तर दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या योजनेतून जागा खरेदीला आधी ५० हजार आणि आता १ लाखापर्यंत मदत आहे. गाव शहर झाले की ती वाट बंद. घरकुलाच्या मजुरीपोटी रोजगार हमीतून मिळणारे ९० दिवसांचे वेतन, तेही ग्रामीण योजनेचेच. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावे लागत. ते होत होते की नाही हा वेगळा विषय, पण निदान 'आमचे १५ टक्के कुठे' असे ग्रामसभेत उभे राहून ओरडता येत होते.

ती ग्रामसभाच गेली. हे नुकसान आम्हाला सर्वांत मोठे वाटते. घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचली जायची. यादीत घोळ असायचा, पाटलाच्या गड्याचे नाव वर आणि विधवेचे खाली असायचे, पण यादी मोठ्याने वाचली जायची आणि कुणीतरी उठून भांडायचे. नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. वॉर्ड समिती संविधानाने बंधनकारक केली आहे ती ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. म्हणजे गावाचे व्यासपीठ काढून घेतले आणि शहराचे दिले नाही. मध्ये जे उरले त्याचे नाव प्रशासक.

आम्ही एका नगरपंचायतीत घरकुलाच्या फायलीमागे फिरलो आहोत. नाव लिहीत नाही, कारण त्या ताईंना अजून तिथेच राहायचे आहे. नवरा गेलेला, दोन मुले, ऊसतोड आणि भांगलणीवर घर चालते. रमाईचा अर्ज केला. जागा सासऱ्याच्या नावावर, सासरे जाऊन कितीतरी वर्षे झाली. वारस पाच, त्यातला एक भिवंडीला आणि एकाचा पत्ता नाही. कार्यालयात म्हणाले, सगळ्यांचे संमतिपत्र आणा. चौघांचे आणले. पुढच्या खेपेला म्हणाले, गावठाणातला जुना आठ अ आता चालत नाही, नवीन मालमत्ता उतारा आणा. तो काढायला थकीत घरपट्टी भरावी लागली. ती आम्ही वर्गणी काढून भरली. तिसऱ्या खेपेला साहेब बदलले होते. नवीन साहेबांनी फाईल पहिल्यापासून वाचायला घेतली आणि पहिल्याच पानावर थांबले.

त्याच मार्चमध्ये त्या वस्तीत पेव्हर ब्लॉकचे काम झाले. दलित वस्तीच्या पैशातून. कंत्राटदाराने जुना रस्ता न खोदता त्यावरच खडी टाकून ब्लॉक बसवले, त्यामुळे रस्ता वीतभर वर आला आणि ताईंच्या घराचा उंबरा वीतभर खाली गेला. गटार अंदाजपत्रकात होते की नव्हते हे शेवटपर्यंत कळले नाही; जमिनीवर तरी नव्हते. जूनच्या पहिल्याच पावसात पाणी घरात. मुलांची दप्तरे खाटेवर ठेवून ताई रात्रभर तांब्याने पाणी उपसत होत्या. कागदावर मात्र त्या वस्तीचा 'विकास' झाला होता आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेले होते: मंजूर रक्कम, खर्च रक्कम, शिल्लक शून्य.

उपयोगिता प्रमाणपत्र हा शब्द नीट लक्षात ठेवा. पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरला, अशी सही करून दिलेली हमी म्हणजे हे प्रमाणपत्र. ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. दिल्लीच्या किंवा मंत्रालयाच्या टेबलावर आमची वस्ती म्हणजे हा एक कागद असतो. ताईंचा उंबरा त्यावर दिसत नाही.

आता थोडे आपल्याकडे. हे लिहिले नाही तर आम्ही खोटे ठरू.

पेव्हर ब्लॉक मागितले कुणी? आपणच. कमान मागितली कुणी? आपणच. हायमास्टचा दिवा, सभामंडपाला फरशी, 'यांच्या विशेष प्रयत्नातून' लिहिलेला फलक आणि त्यावर आपल्याच चार कार्यकर्त्यांचे फोटो. वस्तीत सांडपाण्याची वाट नाही, पण कमानीचे उद्घाटन आपण हलगी लावून केले. समाजमंदिर लागते, विहार लागते, तिथे अभ्यासिका झाली तर आमचीच मुले बसतात. त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न क्रमाचा आहे. कमानीचे अंदाजपत्रक महिन्यात होते कारण त्यात ठेकेदाराचे सुटते, आणि तो ठेकेदार अलीकडे कधीकधी आपलाच भाऊ असतो. गटाराचे काम अवघड, उतार काढावा लागतो, कुणाच्या तरी बांधाला, कुणाच्या तरी भिंतीला हात लावावा लागतो. तिथे वस्तीची गावाशी गाठ पडते. म्हणून ते काम नको असते, नेत्याला आणि आपल्यातल्या मध्यस्थालाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशा पाट्या लागल्या. पाटी बदलायला निधी फार लागत नाही.

मंत्रालयाच्या पातळीवरची काट याहून मोठी आहे. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाच्या वाट्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये महिला व बालविकासकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्रीच नाराज होऊन बसणार असेल तर वस्तीने कुणाकडे जायचे? लाडक्या बहिणींना पैसे मिळण्याला आमचा विरोध नाही. आमच्या घरातल्या बायाही ते १५०० रुपये घेतात आणि त्यातून सिलिंडर भरतात. पण त्या पैशासाठी राज्याची सगळी तिजोरी उघडी असताना हात नेमका आमच्या डब्यात का गेला? त्या बहिणींमध्ये दलित बहिणी आहेत म्हणून, असे उत्तर मिळते. रस्त्यावरून दलितही चालतात म्हणून महामार्गही उपयोजनेतून बांधायला हरकत नाही, असाच हा न्याय.

हा निधी दुसरीकडे वळवू नये आणि वर्षअखेर बुडू नये, असे नियोजन आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत होते. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. एकत्रित आंध्र प्रदेशने २०१३ साली उपयोजनेचा कायदा केला, कर्नाटकनेही त्याच वर्षी केला. तिथेही पळवाटा निघाल्या. कर्नाटकच्या कायद्यातले ७ ड हे कलम सर्वसाधारण कामांवरचा खर्च उपयोजनेत दाखवायला वापरले जायचे. ओरड होऊन ते २०२३ मध्ये काढावे लागले. पण कायदा होता म्हणून कुठले कलम काढा हे सांगता तरी आले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठताबसता घेणाऱ्या महाराष्ट्रात असा कायदा नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे. तेवढा वाटा अर्थसंकल्पाच्या पुस्तकात दाखवला जातो. वर्ष संपताना हातात किती उरतो, ते मागावे लागते.

'पण असेच चालते, जगात सगळीकडे असेच चालते,' असे आमचेच काही जण म्हणतात. म्हणून एक परदेशी उदाहरण. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने केंद्र सरकार शहरांना आणि काउंट्यांना घरबांधणी व वस्ती विकासासाठी एकरकमी अनुदान देते. अट अशी की यातला किमान ७० टक्के पैसा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे. खर्चाचा आराखडा आधी जाहीर करावा लागतो, त्यावर ३० दिवस लोकांची मते घ्यावी लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तिथे रामराज्य आहे असे नाही. याच देशात काळ्यांच्या वस्त्यांवर विकासाच्या नावाने बुलडोझर फिरले आहेत, आणि पँथर हे नाव आपण ज्यांच्याकडून घेतले ते याच वस्त्यांतून उठले.

तर, न्यूयॉर्क शहराला लागून वेस्टचेस्टर नावाची श्रीमंत काउंटी आहे. तिने २००० ते २००६ या काळात हे अनुदान घेतले, ५ कोटी डॉलरहून जास्त. प्रत्येक वेळी लिहून दिले की आम्ही घरांच्या बाबतीतला वंशभेद दूर करण्यासाठी काम करतो आहोत. प्रत्यक्षात परवडणारी घरे कुठे बांधायची हे ठरवताना वंशाचा प्रश्न तिने विचारातच घेतला नाही, आणि गोऱ्या वस्त्या गोऱ्याच राहिल्या. भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने खटला भरला. तिचा मुद्दा साधा होता: तुम्ही खोटे प्रमाणपत्र देऊन सरकारचा पैसा घेतला. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयाने प्रमाणपत्रे खोटी ठरवली. ऑगस्टमध्ये सव्वासहा कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि जिथे जवळजवळ सगळेच गोरे राहतात अशा भागांत ७५० परवडणारी घरे बांधण्याचे काउंटीने मान्य केले. अंमलबजावणीत पुढे बरेच रडगाणे झाले. पण काउंटी अडकली ती मोर्चाने नव्हे, तिने स्वतः सही केलेल्या कागदाने.

आपल्याकडे उपयोगिता प्रमाणपत्रावर रोज सह्या होतात. त्या सह्यांना कुणी आव्हान दिले आहे का? आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, निवेदन देतानाचा फोटो काढला. निवेदनाची पोच घेतली का, आणि तीस दिवसांनी परत गेलो का?

म्हणून माळेगावच्या मतदानाआधी आम्ही कुणाला मत द्या हे सांगत नाही. प्रत्येक वॉर्डात आपल्या दारी येणाऱ्या उमेदवाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा, पॅनेलचा असो, आणि अनुसूचित जातीच्या राखीव जागेवरचा आपलाच असो, त्याला चहा पाजा आणि विचारा. नगरपंचायत झाल्यापासून रमाईचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती परत गेले आणि कुठल्या कागदासाठी? वस्ती सुधारणेचे पैसे दर वर्षी किती आले आणि ३१ मार्चला किती परत गेले? १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे घरकुलासाठी नियमित करण्याचे शासनाचे निर्णय आहेत. त्यात आपल्या वस्तीतल्या किती घरांची मोजणी झाली? घरकुलाची यादी निवडून आल्यावर चौकात उघड्यावर वाचून दाखवणार का, वर्षातून दोनदा? यातले शेवटचे करायला एक रुपयाचाही निधी लागत नाही, म्हणून त्यावर काट मारण्याची धमकीही चालत नाही. जो उमेदवार म्हणेल की साहेबांना विचारून सांगतो, त्याने उत्तर दिले असे समजा.

उमेदवार उत्तर देवो न देवो, कागद मागता येतो. माहिती अधिकार कायदा २००५ चे कलम ४ सांगते की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कुणी न मागता प्रसिद्ध केले पाहिजे. प्रसिद्ध केलेले नसेल तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आम्ही अर्ज लिहून ठेवला आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत: दर वर्षाच्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या प्रती, वस्तीतल्या प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाची प्रत, आणि परत पाठवलेल्या घरकुल अर्जांची कारणांसह यादी. मोजमाप पुस्तक हातात आले की टेप घेऊन गल्लीत उतरायचे आणि गटार मोजायचे, जिथे असेल तिथे.

निकाल काहीही लागो, मतमोजणीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही या अर्जावर सह्या घ्यायला वस्तीत येतो आहोत. एकाच माणसाच्या नावाने अर्ज गेला की त्याच्या घरी निरोप जातो, म्हणून निदान २५ जणांनी वेगवेगळे अर्ज करावेत. ज्यांनी घरकुलासाठी अर्ज केला होता त्यांनी जुनी पोचपावती शोधून तिच्या दोन झेरॉक्स काढून ठेवाव्यात. पोचपावती हरवली असेल तर अर्ज केल्याची तारीख आठवून ठेवा, आवक नोंदवहीत ती सापडते.